ज्या घरावर स्टार नाही

२४ डिसेंबर, आगमनकाळाचा शेवटचा दिवस
आजची वाचने: सकाळी लूक १:६७-७९, रात्रीच्या मिस्साला यशया ९:१-६ (काही बायबलमध्ये हाच भाग ९:२-७ असा आहे)



आज बहुतेक जण घाईत असणार. कुणी अजून ऑफिसात, कुणी विरार फास्टमध्ये लटकत, कुणाचे हात कलकलच्या पिठात. म्हणून आधीच सांगतो, आजचं मनन नेहमीपेक्षा लांब आहे. जमलं तर मिस्साआधी वाचा, नाहीतर उद्या दुपारी जेवण झाल्यावर.

गेल्या रविवारी आम्ही दरवर्षीसारखे लायटिंग बघायला बाहेर पडलो. मी, बायको आणि सहा वर्षांची लेक. वसईला पप्पांच्या घरी आलो की नाताळआधीच्या रविवारी हा कार्यक्रम ठरलेला. साडेसातला निघायचं आणि चालत जायचं. गाडी काढली की मजा जाते, शिवाय आमच्या गावातल्या रस्त्यांवर समोरून एक रिक्षा आली तरी दोघांपैकी एकाला रिव्हर्स घ्यावा लागतो.

वसईबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पापडी, सांडोर, गिरीज, गास, नंदाखाल, कुठल्याही बाजूला जा. डिसेंबर अर्धा सरला की घराघरावर स्टार चढतात. गच्चीवर, आंब्याच्या फांदीला, नाहीतर अंगणात रोवलेल्या उंच बांबूवर. मध्ये केळीची वाडी लागते, तिथे पूर्ण काळोख असतो, आणि वाडी संपली की अचानक दहा-बारा स्टार एकदम दिसतात. कुठल्याही मॉलमधल्या डेकोरेशनला हे जमत नाही, कारण मॉलमध्ये मधला काळोख नसतो. गावातली तरुण मुलं मोठे गोठे करतात. पेंढा, दगड, रेती, वाहतं पाणी, पंपाचा आवाज झाकायला लावलेली गाणी. मधली गव्हाणी मात्र रिकामी असते. बाळ येशूची मूर्ती तिथे आज रात्री मिस्सा झाल्यावरच येते.

आता बहुतेक स्टार क्रॉफर्ड मार्केटहून आणलेले रेडिमेड असतात आणि माळा लोहार चाळीतल्या एलईडीच्या. वाईट काही नाही त्यात. पण आमच्या घरचा स्टार मी बाराएक वर्षांचा असल्यापासून पप्पा आणि मी बांधत आलो. बांबूच्या कामट्यांचे पाच कोनांचे दोन सांगाडे करायचे, टोकाला टोक लावून बांधायचे, मध्ये आडव्या काड्या घालून पोट फुगवायचं, वरून कागद चिकटवायचा आणि आत बल्ब सोडायचा. दिवाळीचा आकाशकंदील ज्याने घरी केलाय त्याला हे काम अर्धं येतंच. स्टार वर चढवायचा दिवस म्हणजे भांडणाचा दिवस. पप्पा शिडीवर, मी शिडी धरून, आणि मम्मी रस्त्यावर उभी राहून ओरडतेय, "डावीकडे झुकलाय! अहो, तुमच्या डावीकडे नाही, माझ्या!"

लेकीने ह्या वर्षी मोजणी सुरू केली होती. नियम मीच करून दिला (सवय जात नाही): हाताने बांधलेला स्टार दोन मार्कांचा, विकतचा एक मार्काचा, आणि गोठा बघितला तर पाच. ती बोटं आणि माझा मोबाईल दोन्ही वापरून हिशेब ठेवत होती. असं करत आम्ही एका वळणावर आलो. ओळीने सात-आठ घरं, सगळी उजळलेली, आणि मधलं एक पूर्ण बंद. खिडकीत एक मंद ट्यूब, बाहेर काहीच नाही. ती थांबली.

"ह्यांचे पैसे संपले का?"

मी "नाही गं, चल" म्हणून पुढे निघालो होतो. खरं सांगतो, पाय पुढे पडला होता.

आमच्याकडे, आणि आसपासच्या बऱ्याच घरांत, ज्या वर्षी घरात मृत्यू झाला त्या वर्षी स्टार लावत नाहीत. घरात दुखवटा आहे हे त्या अंधारावरून रस्त्याला कळतं. मला हे माहीत होतं. नुसतं माहीत नव्हतं, तीन वर्षांपूर्वी त्या ओळीतलं अंधारं घर आमचं होतं.

मम्मी ऑक्टोबरमध्ये गेली. डिसेंबरात मी सुट्टी घेऊन घरी आलो, तेव्हा स्टार माळ्यावरच होता. पप्पा म्हणाले, ह्या वर्षी नाही. मी वाद घातला. म्हटलं, ह्या जुन्या पद्धतींना काय अर्थ आहे? आपण पुनरुत्थानावर विश्वास ठेवतो ना? मम्मीला लायटिंग किती आवडायचं, निदान तिच्यासाठी तरी लावूया. पप्पा म्हणाले, "तिच्यासाठीच नाही लावत." आणि ओट्यावर जाऊन बसले, दिवा न लावता. मी आत लॅपटॉप उघडून बसलो. त्या आठवड्यात माझा ऑन-कॉल होता आणि एकही अलर्ट येत नव्हता. अलर्ट यावा असं वाटण्याची माझ्या नोकरीतली ती पहिलीच वेळ.

नऊच्या सुमारास शेजारच्या काकी आल्या. हातात झाकलेलं ताट, करंज्या आणि नानकटाई. दुखवटा असलेल्या घरात गोडधोड करत नाहीत, म्हणून शेजारी आणून देतात. मला वाटलं, ताट ठेवून जातील. त्या पायरीवर बसल्या. ओट्याच्या बल्बचं बटण त्यांच्या डोक्याजवळच होतं. त्यांनी ते लावलं नाही. विहिरीच्या पंपाबद्दल बोलल्या, कुणाच्या तरी पोराच्या लग्नाबद्दल बोलल्या, बराच वेळ काहीच बोलल्या नाहीत. रस्त्याने एक कुटुंब लायटिंग बघत चाललं होतं, बाहेरगावचं असावं. त्यातल्या माणसाने सहज विचारलं, "काका, लाईट गेली का तुमच्याकडे?"

पप्पा म्हणाले, "हो. ऑक्टोबरात गेली."

तो माणूस "अच्छा" म्हणून पुढे गेला, त्याला काही कळलं नाही. काकी आणि पप्पा मात्र हसायला लागले. मी आतून ऐकत होतो. दोन महिन्यांत त्यांना हसताना पहिल्यांदा ऐकलं.

त्या रात्री मिस्साला आम्ही मागच्या बाकावर बसलो आणि यशयाचं वाचन सुरू झालं. अंधारात चालणाऱ्या लोकांना मोठा प्रकाश दिसला, ह्या अर्थाचं ते सुरुवातीचं वाक्य तुम्हाला पाठ असेल. मलाही होतं. मी स्वतः वेदीवरून हे वाचन दोनदा केलंय, आणि दोन्ही वेळा माझं लक्ष उच्चार चुकू नये ह्याकडे होतं. ह्या वाक्यात कुणाशी बोललं जातंय, हा प्रश्न त्या रात्रीपर्यंत मनात आलाच नव्हता.

तर आता वचनाकडे येऊ. यशयाच्या ह्या ओळी हवेत लिहिलेल्या नाहीत. त्याच्या आधीच्याच ओळीत दोन जागांची नावं आहेत, जबुलून आणि नफताली. इस्राएलच्या उत्तरेचा, गालील सरोवराच्या बाजूचा हा भाग. इसवी सनापूर्वी ७३२ च्या सुमारास अश्शूरचा राजा तिग्लथ-पिलेसर ह्याने हा प्रदेश घेतला आणि तिथल्या लोकांना कैद करून नेलं. २ राजे १५:२९ मध्ये ही नोंद एका वचनात आटोपली आहे. घरं ओस पडली, माणसं गेली. म्हणजे देशातला जो भाग सर्वांत आधी अंधारात गेला, त्याचं नाव घेऊन यशया म्हणतो की प्रकाश आधी तिथे. यरुशलेमला नाही, मंदिराला नाही. आणि मत्तय ४:१३-१६ उघडून बघा: येशू आपलं काम सुरू करताना नासरेथ सोडून कफर्णहूमला राहायला जातो, आणि मत्तय लगेच यशयाची हीच ओळ आठवतो, कारण कफर्णहूम त्याच भागात आहे. सातशेहून जास्त वर्षं गेली होती. देवाने पत्ता विसरला नव्हता.

आणखी एक गंमत. यशयाने क्रियापदं भूतकाळात वापरली आहेत. प्रकाश दिसेल असं नाही, दिसला. ज्यांच्याबद्दल बोलतोय ते अजून अंधारातच आहेत आणि हा झालेल्या गोष्टीसारखं सांगतोय. आमच्या क्षेत्रात कुणी रिलीज व्हायच्या आधी रिलीज नोट्स भूतकाळात लिहिल्या तर टीम लीड ओरडतो. संदेष्ट्याला चालतं, कारण शब्द देणारा वेगळा आहे.

पण मला सगळ्यात जास्त अडवलं ते एका छोट्या बदलाने. यशयात लोक अंधारात चालत आहेत. मत्तय तीच ओळ सांगतो तेव्हा ते बसलेले आहेत. आणि आज सकाळच्या शुभवर्तमानात, लूक १:७९ मध्ये, जखऱ्याच्या स्तोत्रातही बसलेलेच आहेत, अंधारात आणि मृत्यूच्या छायेत. अभ्यासक ह्याची कारणं भाषांतराच्या इतिहासात शोधतील. मला मात्र आमचा ओटा आठवतो. दुःखात माणूस आधी चालतो. हॉस्पिटल, दाखले, कबर, बँक, महिन्याची मिस्सा, सगळी धावपळ. ती संपली की बसतो. बसलेल्या माणसाला 'बाहेर ये, लायटिंग बघ, बरं वाटेल' असं सांगून उपयोग नसतो. तो उठणार नाही. प्रकाशालाच त्याच्यापर्यंत चालत यावं लागतं, आणि जखऱ्या नेमकं तेच म्हणतोय: वरून उगवणारी पहाट आपल्या भेटीला येते. हे म्हणणारा जखऱ्या कोण, तेही बघा. देवदूताचा शब्द खरा वाटला नाही म्हणून तो कित्येक महिने मुका होता. त्या मुक्या महिन्यांनंतर, पोराचं नाव पाटीवर लिहून दिल्यावर, त्याची जीभ सुटली. आपण हे स्तोत्र रोज सकाळच्या प्रार्थनेत किती पटकन म्हणून मोकळे होतो!

एक प्रश्न मला एका तरुण वाचकाने विचारला होता: नाताळच्या लायटिंगला बायबलमध्ये आधार आहे का, की हा सगळा बाजार आहे? आधार शोधायचाच तर लूक २ सावकाश वाचा. तिथे प्रकाश आहे, पण गव्हाणीवर नाही. प्रभूचं तेज चमकतं ते रानात, रात्री कळप राखणाऱ्या मेंढपाळांभोवती, म्हणजे नाईट शिफ्टवाल्यांभोवती. बेथलेहेमला पोचल्यावर त्यांना काय सापडतं? मरिया, योसेफ आणि गव्हाणीत निजवलेलं बाळ. तिथे दिव्याचा उल्लेखच नाही. गोठ्यात आपण जी झगमग लावतो ती आपली. ती लावू नये असं मी म्हणत नाही, मीच दरवर्षी दोन माळा जास्त आणतो. आपली परंपराही अशीच सुरू झाली. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी असिसीकर संत फ्रान्सिसने नाताळच्या रात्री गव्हाणी, गवत, बैल आणि गाढव ह्यांची मांडणी करवली. सेलानोकर थॉमसने ते लिहून ठेवलंय: आसपासचे लोक मेणबत्त्या आणि मशाली घेऊन आले, रात्र उजळली. मूर्तीचा उल्लेख त्यात नाही. म्हणजे आठशे वर्षांपूर्वीही लोक कुटुंबासह हातात दिवा घेऊन चालत गोठा बघायला गेले होते, रिकामी गव्हाणी बघायला. विजेचे दिवे फार नंतरचे. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन ह्याने १८८२ मध्ये न्यूयॉर्कच्या आपल्या घरी नाताळच्या झाडावर लाल, पांढरे आणि निळे मिळून ८० दिवे लावले होते. इंजिनिअर मंडळींसाठी ही जादा माहिती.

तर लायटिंग जरूर बघा. वसईला या, वांद्र्याला हिल रोड आणि रणवारच्या गल्ल्या फिरा, पुण्यात असाल तर कॅम्पात जा, गोव्यात असाल तर तुम्हाला काही सांगायची गरजच नाही. चालत जा. मुलांना खांद्यावर घ्या, खालून त्यांना फक्त लोकांच्या पाठी दिसतात. फोटो एकाच जणाने काढावेत, बाकीच्यांनी फोन खिशात ठेवावा. गोठ्यात उभ्या असलेल्या पोरांना 'छान केलंय' एवढं तरी म्हणा, ती पंधरा दिवस झोपलेली नसतात. आणि वाटेत एखादं अंधारं घर दिसलं तर 'लाईट गेली का' असं मोठ्याने विचारू नका.

त्या रविवारी मी पुढे निघालो होतो ते सांगितलंच. बायको थांबली. म्हणाली, "जाऊया का आत?" मी म्हटलं, आपली नीट ओळख नाही, हातात काही नाही, आणि माझ्या डोक्यावर ही सांताची टोपी. ती म्हणाली, "मग उद्या जाऊ." मला वाटलं होतं, उद्या विसरेल. सोमवारी संध्याकाळी सहाला तिने कलकल आणि करंज्यांचं ताट भरून दारात ठेवलं होतं. पप्पाही निघाले. गुडघे दुखतात म्हणून रविवारी आले नव्हते, पण त्या घरातलं कोण गेलं हे त्यांना ठाऊक होतं, आणि त्यांना आमच्याआधी चपला घालून तयार बघून मी काही बोललो नाही.

दार एका आजोबांनी उघडलं. आत जे बोलणं झालं ते त्यांचं आहे, इथे लिहीत नाही. आम्ही फारसं काही बोललोही नाही. मी मनात दोन वचनं तयार ठेवली होती, ती मनातच राहिली. पप्पा पंपाबद्दल बोलले! एकदा मी रुमाल काढायला खिशात हात घातला आणि सांताची टोपी गोंड्यासकट बाहेर आली. आदल्या रात्री तिथेच कोंबली होती. मी ती लपवायला लागलो तर आजोबा म्हणाले, "लपवता कशाला, घाला पोरीला."

निघताना ते फाटकापर्यंत आले. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना स्टार लागले होते. त्यांनी लेकीला विचारलं, "ह्या वर्षी कुणाचा चांगला आहे? मी काही बाहेर पडलेलो नाही."

तिने माझा मोबाईल मागितला आणि यादी उघडून पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. कुणाचा लाल, कुणाचा फिरणारा, कुणाचा कागदाचा आहे म्हणून दोन मार्क, कुणाच्या गोठ्यातला उंट पडला होता. एकूण बासष्ट. मी दोनदा "बस, आजोबांना आत जाऊ दे" म्हणालो. त्यांनी हाताने मला थांबवलं आणि फाटकाला टेकून सगळे बासष्ट ऐकले.

प्रभू येशू, आज रात्री आमच्या गल्लीत ज्या घरावर स्टार नाही, ते घर आम्हाला दाखव. पाय पुढे पडला असेल तर मागे वळव. बोलायला शब्द नसतील तर पायरीवर बसायला शिकव. आणि जे वाचक हे आज अंधाऱ्या ओट्यावर बसून वाचत आहेत, त्यांच्याकडे तू स्वतः ये. आमेन.